दोघांच्या वजनाचा पट्टा

या, जरा जवळ सरकून बसा, साउथ डकोटातली एक गोष्ट सांगतो. ऑर्विल टॉर्सनची लांब पल्ल्याची मोटारसायकल यंदा वेग घेतला की थरथरू लागली. मागचं चाक फिरवणारा पट्टा नुसता फडफडायचा. नीट झाली नाही, तर तो ती विकून टाकणार होता.

गॅरेजवाल्या डेलने पट्टा तपासला, पुल्या एका रेषेत आहेत का तेही पाहिलं. दोष काही सापडेना.

"चला काका, तुम्ही चालवा, मी मागे बसून बघतो. मिठी मात्र मारणार नाही हां!"

डेल मागे बसला आणि हायवेवर थरथर अजिबात जाणवेना. गाडी थांबताच तो म्हणाला,

"अहो, हा पट्टा दोघांच्या वजनाला ताणलाय, एकटं बसलं की सैल पडतो! मागे कोण बसायचं?"

"बायको. फेब्रुवारीत गेली." हवापाणी सांगावं तसं ऑर्विलने सांगितलं.

डेलने हेल्मेट काढलं. "एकट्यापुरता ताणून देऊ?"

"राहू दे. विकतही नाही आता. माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही रे. निदान ही गाडी तरी थरथरते."

ऑर्विलच्या बायकोचं नाव इंगा. संध्याकाळी दिवा लावताना तिची आठवण ठेवा.