कडेचा फोम

सोफेवाल्या काकांनी पहिल्या गादीची खोळ काढली, तसा पिवळा भुगा फरशीभर सांडला.

"फोमही म्हातारा होतो, ताई. हवा, घाम, वजन सोसतो सोसतो आणि एक दिवस त्याचं पीठ होतं. सगळा खरवडून नवा घालू. ही साहेबांची जागा ना? मधोमध खचलीय."

"हो. पाचच्या आत होईल ना? ते यायच्या आत सगळं जागच्या जागी हवं."

"ही माझी," ती म्हणाली, तशी काकांनी दुसरी गादी उघडली. पुढची चार बोटं कड तेवढी भुगा झाली होती. मागचा फोम पिवळा पडलेला, पण अखंड.

"तुम्ही कधी टेकून बसतच नाही?"

"हाक आली की लगेच उठावं लागतं हो." ती हसली. "सवय झालीय."

तिसरी गादी सात वर्षांच्या लेकीची. खोळ निघाली आणि तिचं हसू विरलं. तिथेही फक्त पुढची कडच झिजली होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. चारच वाजले होते. आतल्या खोलीत खेळणारी लेक बाहुली टाकून धावत आली आणि सोफ्याच्या उघड्या फळीवर, अगदी कडेला, ताठ बसली.