भूतकाळाचा तास

"अहो टाउनो, भूतकाळ!" हिल्काबाईंचा तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

फिनलंडमधल्या कुओपिओ गावच्या वाचनालयात आम्ही म्हातारी मंडळी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायचो. टाउनो उठून म्हणायचा, "माझी बायको इर्या. तो छान कॉफी करतो." बायकोला 'तो' म्हटलेलं बाई सोडून द्यायच्या, आमच्या फिनिशमध्ये तो आणि ती एकच. काळ मात्र त्या सोडत नसत. इर्याला जाऊन वर्ष झालं होतं.

टाउनो चुकला, की कोपऱ्यातली, वायर काढून ठेवलेली किटली हळूच गुणगुणू लागायची आणि कॉफीचा वास दरवळायचा. आम्हाला घाम फुटायचा, पण कप पुढे व्हायचेच.

एकदा किटली गुणगुणत असतानाच बाई हट्टाला पेटल्या. "'करायची' म्हणा, नाहीतर वरच्या वर्गात घेणार नाही!"

टाउनोने किटलीकडे पाहिलं. "करायची," तो पुटपुटला.

किटली मध्येच थांबली. आमच्या हातांतल्या कपांवर बर्फ साचला.

"बरोबर," बाई कशाबशा म्हणाल्या. "जमलं की तुम्हाला."

"भूतकाळ मला पहिल्या दिवसापासून येतो, बाई," टाउनो म्हणाला. "पण तो तिला आवडत नाही."