भिंगरीच्या लेन्स

"मोजे जागेवर ठेवता येत नाहीत आणि म्हणे डोळ्यांत लेन्स घालणार!" आईने पलंगाखालून एक मोजा ओढून काढला. दुसरा कुठे होता ते देवालाच ठाऊक.

भिंगरी दारात उभी होती. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. बास्केटबॉलच्या खेळात चष्मा पुन्हा मोडला होता.

"मोजे वेगळे, डोळे वेगळे," ती म्हणाली. "डोळ्यांच्या बाबतीत मी जबाबदार आहे."

"असं कोण म्हणतं?"

"मावशी."

आईने तो मोजा धुण्याच्या बादलीत जरा जोरातच टाकला.

मावशी म्हणजे भिंगरीच्या बाबांची दुसरी बायको. व्हायोलिन शिकवायची. शनिवार-रविवार पोरगी त्यांच्याकडे राहायला जायची आणि परत आली की मावशीचं पालुपद सुरू. मावशी असं म्हणते, मावशीला तसं आवडतं, मावशी चष्मा नाही, लेन्स लावते. आईच्या तोंडी मात्र ती कधी मावशी झाली नाही. ती नुसती 'ती' होती.

आई दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. मेणाचे साचे, प्लास्टरचे जबडे, कवळ्या. "दिवसभर लोकांचे दात घडवतेस आणि घरी जाऊन स्वतःचे दातओठ खातेस," असं शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची. आई हसायची, पण ते खोटं नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी बाबांची गाडी फाटकाशी थांबली. 'ती' पुढच्या सीटवर बसली होती, हात मांडीवर ठेवून. पूर्वी निदान खिडकीतून हात तरी हलवायची. आता आईकडे बघून नुसती मान हलवली.

"गुर्मी बघ केवढी," आई पुटपुटली. शिकवण्याही बंद केल्या होत्या म्हणे. चैन आहे एकेकीची.

भिंगरी आत आली. आईने तिचा हात हातात घेतला. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, नीट घासून गुळगुळीत केलेली. बोटांना कुठल्याशा वेगळ्याच साबणाचा वास.

"नखं कोणी कापली?"

"मीच."

"इथे तर मला आठवडाभर मागे लागावं लागतं!"

भिंगरीने हात सोडवून घेतला. दमल्यासारखी दिसत होती. जेवताना पेंगत होती. तिथे काय पोरीला हौसेने नाचवतात की काय, आईच्या मनात आलं. आणि ही नाचते. माझ्यासाठी साधा ग्लास उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला.

"लेन्स घेऊन देऊ या तिला. तयार आहे ती."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी पाहिलंय."

"काय पाहिलंस?"

ते म्हणाले, "डॉक्टरांनाच विचार ना. आणि ऐक, आठवड्यात मधे एखाददुसऱ्या दिवशी पाठवशील तिला? शाळेनंतर. थोडाच वेळ."

"एखाददुसरा दिवस कशाला? अख्खीच घेऊन जा की!" आईने फोन ठेवला. कितीतरी वेळ तिचा हात त्या फोनवरच होता.

मग तिने डॉक्टरांकडची वेळ घेतली. होकार द्यायला नव्हे. पोरीला जमणार नाही, याची तिला खात्री होती. डॉक्टर म्हणतील, अजून वर्षभर थांबा, आणि ते वाक्य ती त्या घरात फोन करून जसंच्या तसं ऐकवणार होती.

"वयाचं तसं काही नसतं हो," डोळ्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "हात धुवायचा कंटाळा करते का? डोळा लाल झाला तर सांगते की लपवते? हे महत्त्वाचं. तुम्हाला काय वाटतं, तयार आहे?"

"अजिबात नाही."

भिंगरीने मान खाली घातली.

"बघू तर खरं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

भिंगरीने न सांगता हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवत. कोरडे केले. लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरली. "ही उलटी झालीय," म्हणत सुलटी केली, लेन्सच्या द्रावणाने धुतली.

डॉक्टरबाईंच्या भुवया वर गेल्या. आई खुर्चीत ताठ बसली. म्हणजे तिने पोरीला शिकवून ठेवलंय! मला न विचारता! पोरगी माझी, डोळे माझ्या पोरीचे, आणि धडे द्यायला ती!

पण मग भिंगरी आरशासमोर बसली आणि सगळं बिनसलं. बोट डोळ्याजवळ नेलं की पापणी मिटायची. हात भलतीकडेच जायचा. लेन्स गालावर पडली, मग टेबलावर. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आईला एकदम हलकं वाटलं. त्याची लाजही वाटली, पण वाटलं खरं.

"राहू दे राणी," ती म्हणाली. "काही घाई नाही."

"थांबा हं," डॉक्टरबाई भिंगरीपाशी वाकल्या. "लेन्स तर तू इतक्या सराईतपणे हाताळतेस. आणि स्वतःच्या डोळ्यात घालायची मात्र पहिलीच वेळ? असं कसं गं?"

भिंगरीने आईकडे चोरून पाहिलं.

"सांगायचं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मावशीच्या डोळ्यांत मी घालते. बाबांना नाही जमत, ते रडायला लागतात. आणि चष्मा लावला तर तो घसरतो, तिला तो वर सारता येत नाही. तिचे हात आता उचलतच नाहीत."