भिंतीवरची सोनाक्का

"आधी तो हार काढ!" लेकाच्या नव्या ढाब्यात पहिल्यांदाच पाऊल टाकलेली सोनाक्का कडाडली.

गल्ल्यामागच्या भिंतीवर तिचाच भलामोठा फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार घातला होता. येणारं गिऱ्हाईक आधी फोटोला हात जोडायचं, मग मटणाचं ताट मागायचं.

"आये, शोभेला घातलाय गं," लेक पुटपुटला.

"जित्या आईला हार घालतोस, मुडद्या? जन्मभर चुलीपुढं भाजले, ती भिंतीवर टांगून घ्यायला?"

कोपऱ्यात जेवणाऱ्या म्हाताऱ्यानं मान वर केली. तिच्या खानावळीत वर्षानुवर्षं जेवलेला माणूस तो.

"सोनाक्का, तुम्ही अजून हायसा व्हय? हार बघून नुसती शंका आलेली. रस्सा चाखला आन् खात्रीच पटली."

सोनाक्कानं त्याच्या वाटीतला रस्सा तळहातावर घेऊन चाटला. पुडीतला तयार मसाला! तिच्या कपाळाची शीर ताडताड उडाली.

लेक हार काढायला घाईघाईनं स्टुलावर चढला, पण तिकडं तिनं बघितलंही नाही. पदर खोचून ती आत गेली आणि रश्श्याचं अख्खं पातेलं तिनं मोरीत पालथं केलं.

"कुणी उठायचं न्हाई," ती आतून ओरडली. "कांदं भाजाय घेतल्यात."