थोरलीचा जुना व्हिडिओ

धाकटा अडीच वर्षांचा झाला तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. "थोरली या वयात पोपटासारखी बोलायची," असं सासूबाई उठता-बसता ऐकवायच्या. इतक्यांदा ऐकून त्याच्या आईलाही तसंच आठवायला लागलं होतं. शेवटी हा नक्की किती मागे आहे ते जुने व्हिडिओ लावून बघायचं तिने ठरवलं. पण भावाने लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स टाकून दिल्यापासून व्हिडिओंची हार्ड डिस्क उघडतच नव्हती.

"डिस्कचा दिवा लागतोय का?" भावाने फोनवर विचारलं.

"लागतोय. पण आत काहीच दिसत नाही. गेली रे ती!"

"ताई, आधी रडू नकोस. टर्मिनल, म्हणजे ती कमांड द्यायची काळी खिडकी, उघड आणि सांगतो ते टाइप कर."

तिने टाइप केल्यावर एक यादी आली आणि त्यात अगदी खाली डिस्कचं नाव होतं.

"बघ, जिवंत आहे. तू इजेक्ट न करताच वायर ओढली असणार, म्हणून अडून बसलीय."

"कडेवर पोर घेऊन तू एकदा इजेक्ट करून दाखव."

तो हसला आणि त्याने दुरुस्तीची एक ओळ सांगितली. ती तिने दोनदा चुकवली. तिसऱ्यांदा फोल्डर उघडलं.

थोरलीला अडीच वर्षं झाली त्या महिन्यातला व्हिडिओ तिने श्वास रोखून लावला. थोरली पाण्याच्या भांड्याकडे बोट दाखवत नुसतंच "अं, अं" करत होती. आणि मागून सासूबाईंचा काळजीने भरलेला आवाज येत होता, "अगं, ही पोर बोलणार तरी कधी?"