नाच संपला म्हणे

“बघ, परत पाडापाडी. अर्जेंटिनाचा नाच संपला तो संपलाच,” व्हॅलेंटाइन बायकोच्या, लूसीच्या, कानाशी कुरकुरला. ‘बघ’ म्हणायची सवय काही सुटत नव्हती.

सिडनीचं स्टेडियम खच्चून भरलं होतं. पुढच्या वर्षीच्या फुटबॉल वर्ल्डकपला ऑस्ट्रेलिया जाणार की अर्जेंटिना, ते ठरवणाऱ्या दोन मॅचपैकी ही पहिली. व्हॅलेंटाइनच्या पलीकडे शैलेंद्र बसला होता. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दोघांचे लेख समोरासमोर छापले जात. व्हॅलेंटाइन लिहायचा, जिंकायच्या नादात अर्जेंटिनाने आपली नजाकत घालवली. शैलेंद्र लिहायचा, नजाकतीला कप मिळत नाही. यंदाचे लेख द्यायचे राहिले होते, ते या मॅचसाठीच.

गेल्या तीन वर्षांत व्हॅलेंटाइनचे डोळे जवळजवळ गेले होते. ते राहत त्या अख्ख्या क्वेकर्स हिल उपनगराला ते ठाऊक होतं आणि कुणीही ते बोलत नव्हतं. पायऱ्यांवर शैलेंद्रने त्याचा दंड धरला, तोसुद्धा “गर्दी आहे रे, मेट,” म्हणून. घरी टीव्हीसमोर लूसी मटार सोलता सोलता सांगायची, ह्याच्याकडे बॉल, त्याच्याकडे बॉल, पडला, शिट्टी. तेवढ्यावर लेख व्हायचा.

उजव्या बाजूला अर्जेंटिनाच्या ठेंगण्या दहा नंबरच्या पायातून बॉल निसटला.

“गेला बॉल...” लूसी म्हणाली आणि थांबली.

त्याने तो परत काढून घेतला होता. अंगाने भरलेला माणूस, लग्नाच्या पंगतीत शोभला असता. पण त्याने जागच्या जागी अशी गिरकी घेतली, की अडवायला आलेल्याला कळेना, याला धरावं की वाट द्यावी. मग डाव्या पायाने उचललेला बॉल हवेत वळत वळत गेला आणि पलीकडच्या आपल्याच गड्याच्या कपाळाशी, कुणी हाताने नेऊन ठेवावा तसा, पोचला.

पुढच्या रांगेतल्या ऑस्ट्रेलियाच्या हिरव्या-पिवळ्या टोपीवाल्याने आधी शिवी हासडली आणि मग हळूहळू टाळ्या वाजवायला लागला. लूसीही टाळ्या वाजवत होती.

“काय झालं?” व्हॅलेंटाइनने विचारलं.

“गोल. हेडरने.”

बोलून गेली आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तीन वर्षं ती हेच तर सांगत आली होती. नाच तिच्यासमोर व्हायचा आणि त्याच्यापर्यंत नुसत्या शिट्ट्या पोचायच्या.

“शैलेंद्र, कसा झाला गोल?”

शैलेंद्र चष्मा पुसत होता. “तू बघितलासच की,” तो म्हणाला. नेहमीसारखंच, सांभाळून घेत.

व्हॅलेंटाइनने मान डोलवायला घेतली. अर्ध्यावर थांबवली. मग चाचपत लूसीचा हात धरला.

“नाही बघितला. मला दिसत नाही,” तो आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. “लूसी, बॉल निसटला तिथपासून सांग. आणि घाई करू नकोस.”