झिजणारा भाग

“क्लचप्लेट पुन्हा गेलीय, काका,” सर्व्हिस सेंटरच्या मॅडम म्हणाल्या. “आणि ती वॉरंटीत बसत नाही.”

टॅक्सीवाल्यानं काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली. “गेल्या खेपेलाही हेच सांगितलंत. गाडी घेऊन वर्ष झालं नाही, दोन प्लेटा खाल्ल्या. मग वॉरंटीत बसतं तरी काय? हॉर्न?”

“झिजणारे भाग सोडून बाकी सगळं.”

“म्हणजे जे बिघडत नाही, तेवढं.”

मॅडम हसल्या नाहीत. वयानं त्याच्या मुलीएवढ्या, पण बोलणं तोलूनमापून. “प्लेटच खराब निघाली असती तर कंपनीनं बदलून दिली असती. ही जळालीय. चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवला की असं होतं.”

मागं मेकॅनिक हात पुसत उभा होता. “नाचता येईना, अंगण वाकडं,” तो पुटपुटला, आणि नेमकं ऐकू जाईल इतपतच पुटपुटला.

हे मात्र टॅक्सीवाल्याच्या जिव्हारी लागलं. उभा जन्म स्टीअरिंगमागं गेलेला माणूस. क्लचवर पाय ठेवणं ही नवशिक्यांची खोड. दोन मेहुण्यांना गाडी शिकवताना त्यानं ती टपल्या मारमारून मोडली होती. आणि आता त्यालाच हे ऐकवत होते. चोर ते चोर, वर शिरजोर, असं अगदी ओठांवर आलं होतं त्याच्या. पण अडला हरी, म्हणून त्यानं ते गिळलं.

अडला होताच तो. ज्या ऑफिसची माणसं तो रोज ने-आण करायचा, तिथल्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं: दोष गाडीत असेल तर दुरुस्त करून आणा, आम्ही थांबतो, दोष तुमच्यात असेल तर आम्ही दुसरा ड्रायव्हर बघतो. दुसरं काम हातात नव्हतं. गाडी बंद म्हणजे चूल बंद.

“मॅनेजरसाहेबांशी बोलते,” मॅडम म्हणाल्या आणि काचेच्या खोलीत गेल्या.

तो बाकावर बसला. काचेतून तोंडं हलताना दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. आपल्या पोटाचा निकाल आपल्याला ऐकूसुद्धा येऊ नये, याचा त्याला राग आला, आणि मग रागही दमला. तो उठला, मशीनमधून चहा घेतला, चांगला गोड. डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितल्यापासून बायको घरी बिनसाखरेचा चहा, म्हणजे नुसतं गरम पाणी पाजायची, त्यानं तोंड विटलं होतं. पहिला कप संपवून त्यानं दुसरा भरला.

तेवढ्यात तिचाच फोन.

“काय म्हणतायत?”

“काय म्हणणार! दोष माझा म्हणतायत.”

“तुम्ही चिडू नका. आणि येताना दोन्ही चपला घालून या म्हणजे झालं. काल एकच घालून घरात शिरलात, दुसरी गाडीत. उद्या डोकं विसरून याल.”

“डोक्यात क्लच घेऊन फिरतोय मी. चपलेकडे कुठं बघत बसू?”

“काका, पाय!” मॅडम लगबगीनं बाहेर आल्या होत्या. त्याच्या हातातला कप कलला होता आणि वाफाळता चहा धारेनं डाव्या पायावर पडत होता.

त्यानं कप सरळ केला, फोन खिशात टाकला. “असू दे.”

“भाजलं नाही?”

“ड्रायव्हरचा पाय आहे, मॅडम. इंजिनाच्या धगीवर शेकून निघालेला. याला काय होतंय?”

मॅडमनी टिश्यू पेपर पुढं केला. काही क्षण त्या त्याच्या पायाकडेच बघत राहिल्या. “मॅनेजरसाहेब नाही म्हणाले,” त्या हळूच म्हणाल्या. “सॉरी, काका.”

त्यानं टिश्यू घेतला. मग एकदम तो म्हणाला, “तुम्ही शेजारी बसा. एक चक्कर मारू. नजर फक्त माझ्या डाव्या पायावर ठेवा. गिअर टाकताना सोडून तो क्लचवर दिसला, तर जन्मात पुन्हा स्टीअरिंगला हात लावणार नाही. नाही दिसला, तर साहेबांना तसं सांगा.”

मॅडमनी किल्ली उचलली.

मागचा रस्ता सरळ होता, रहदारी नव्हती. क्लच घसरत होता, इंजिन उगाच आरडत होतं, पण गाडी चालली होती. त्यानं गिअर असे बदलले की शेजारच्या माणसाच्या हातातलं पाणी हिंदकळू नये. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. आता हिला दिसेल, हिच्या तोंडून साहेबांना कळेल.

“काका, आत्ता डावा पाय कुठे आहे?”

“कुठे असणार? खाली. मॅटवर.”

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

“मॅटवरच आहे की. टाच टेकवून. दिसतंय ना तुम्हाला?”

मॅडम खालीच बघत होत्या. तो मनात हसला. बोलायला जागाच ठेवली नव्हती त्यानं.

“गाडी बाजूला घ्या,” बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या.

त्यानं झाडाखाली गाडी उभी केली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग ऐटीत सीटवर मागं रेलला.

“झालं समाधान? सांगा आता साहेबांना.”

“आणि आत्ता, काका? आत्ता कुठे आहे पाय?”

“गाडी बंद, काम संपलं. दोन्ही पाय खाली.”

“एकदा बघता का?”

चेष्टा समजून तो हसतच वाकला. मॅटवर डावी चप्पल एकटीच पडली होती. पाय क्लचवर होता, पेडल तळापर्यंत दाबून, आणि त्यावर चहाचा फोड टरारून फुगला होता.